विषय : अहो

"उघडलंत ना तुम्ही ते?" मुलीने विचारलं तेव्हा बाबा खिडकीचा पडदा सारखा करत होते. पडदा सारखाच होता.

कॉम्प्युटरवर एकही फाइल उघडायला तयार नव्हती. जाहिरातींच्या चौकटी मात्र न बोलावता येत होत्या, एक बंद केली की दोन हजर. मुलीने पर्स खांद्यावरून न काढताच इंटरनेटची वायर उपटली आणि मग खुर्चीत अंग टाकलं. एका मोठ्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हे तिचं काम. चांगले शिकलेसवरलेले साहेब नको तिथे क्लिक करायचे आणि मग पडेल चेहऱ्याने तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. आठवडाभर तेच निस्तरून ती पार कंटाळली होती. रविवारी लोळायचं ठरवलं होतं, तर बाबांचा फोन आला. सवड झाली की ये, घाई नाही, म्हणाले. बाबांच्या 'घाई नाही'चा अर्थ तिला माहीत होता.

बरं, बाबांना काही कळत नाही असंही नव्हतं. नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. अनोळखी मेल उघडायचा नाही. ओळखीच्या माणसाने न मागता फाइल पाठवली, तर आधी त्याला फोन करून विचारायचं. संशय आला की उत्तरसुद्धा द्यायचं नाही, सरळ काढून टाकायचं. अपडेट आलं की 'नंतर' म्हणायचं नाही. शेजारी पेनड्राइव्ह घेऊन आले, तर बाबा त्यांना चहा पाजायचे, पण पेनड्राइव्ह खिशातून काढू द्यायचे नाहीत. इमारतीत त्यावरून त्यांची टिंगलही व्हायची.

"कुणी पाठवलं होतं? आधी फोन करून विचारायचं ठरलंय ना आपलं?"

"कुणाला करू फोन?" बाबा म्हणाले.

तिने स्वतःच्या फोनवर बाबांचा मेल उघडून पाहिला. पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव होतं. विषय होता, 'अहो'.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, तेव्हा आतल्या खोलीतून हाक मारायची सोय उरली नाही. बाबांचा फोन बटणांचा, आणि ते दिवसभर या कॉम्प्युटरपाशी. मग ती पलंगावरून मेल करायची. विषय 'अहो', आत काही नाही. कॉम्प्युटर टिंग वाजला की बाबा उठायचे. पाणी हवं असायचं, कधी उशी नीट करायची असायची, कधी नुसतंच बोलावलेलं असायचं.

मुलीने थकल्या आवाजात सगळं समजावून सांगितलं. आईच्या खात्यात कुणीतरी घुसलं होतं. तिचे जुने मेल उचलून, त्याच विषयाखाली एक फाइल जोडून ते परत पाठवून दिले होते. घुसायला फारसे कष्ट पडले नसणार. पासवर्ड म्हणजे बाबांचं नाव आणि पुढे एक दोन तीन. मुलीने आईला तेव्हाच बजावलं होतं, पण आई ऐकणाऱ्यातली नव्हती. जन्मभर 'अहो'वर भागवणाऱ्या बाईने नाव घेतलं होतं ते तेवढ्या एका जागी.

"माझं नाव होतं?" बाबांनी विचारलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

तिला चीड आली. "पण बाबा, आईने कधी फाइल पाठवली होती का? एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं." बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले. "व्हायरस असणार हे कळलं होतं गं मला. पण हाक तिची होती. ओ नको द्यायला?"

चीड गेली, थकवा तेवढा राहिला. फोटोंची काळजी नव्हती. दर भेटीत ती सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून डिस्क कपाटात ठेवायची. कॉम्प्युटर पुसून पुन्हा भरला की काम संपलं. उरलं आईचं खातं. ते बंद करा म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. न वापरलेलं खातं म्हणजे मागचं दार सताड उघडं. बाबा दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. आज मात्र त्यांनी ढकललं नाही.

"बंद करायचं तर करून टाक," ते म्हणाले. "मी तोवर चहा टाकतो." आणि तिच्याकडे न बघता आत गेले.

तिने आपल्या फोनवरून आईचं खातं उघडलं. जुना पासवर्ड अजून चालत होता. तिने आधी तो बदलला. मग खातं बंद करण्यापूर्वी, आणखी कुणाकुणाकडे ही घाण गेली आहे ते बघायला घेतलं. त्यांना सावध करायला हवं होतं. मामा होते, डॉक्टर होते, ब्लाउज शिवणारी बाई होती. प्रत्येकाला त्याचा त्याचा जुना विषय. त्यातच तिचं स्वतःचं नाव होतं.

तिने आपला मेल उघडला. नको असलेले मेल आपोआप जाऊन पडतात, त्या कोपऱ्यात तो पडला होता. तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. पाठवणारी आई. विषय, 'पोचलीस का?'

इथून परत गेली की बसमधून उतरेपर्यंत हा मेल येऊन पडलेला असायचा. उत्तर गेल्याशिवाय आई झोपायची नाही.

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, नंतर वाजायच्या थांबल्या.

"केलंस का गं बंद?" बाबांनी आतूनच विचारलं.

"नाही बाबा. कुलूप बदललंय फक्त."

फाइलीला तिने हात लावला नाही. उत्तराचं बटण दाबलं, 'पोचले गं' एवढंच लिहिलं, आणि पाठवून दिलं.