मागणी नसलेली भाषा

"माझ्या पोरीची भाषा परत टाका माझ्या डोक्यात!" दत्ताराम कोयंडेने रोजगार केंद्राच्या खिडकीवर मूठ आपटली.

जहाजांच्या कारखान्याला वेल्डर मिळत नव्हते, म्हणून काल इथेच त्याच्या मेंदूत वेल्डिंग भरलं होतं. सुई टोचली, डोळा लागला, आणि उठला तो पक्का वेल्डर होऊन. घरी पोचला तर जन्मापासून ऐकू न येणारी त्याची लेक मनवा दारातच हातांनी भराभरा बोलायला लागली, आणि त्याला त्यातलं अक्षर कळेना.

"नवं भरायला जुनं काहीतरी पुसावंच लागतं, काका," खिडकीतला तरुण म्हणाला. "ज्याला बाजारात मागणी नाही, ते आधी जातं."

"मागणी नाही? आई गेल्यापासून ही पोर माझ्याशिवाय कुणाशी बोलते? तिची मागणी तुमच्या बाजारात धरत नाहीत होय रे?"

शेजारी उभ्या मनवाने बापाची बाही ओढली. छातीवर हात ठेवून, बोटं वळवून ती काहीतरी सांगत राहिली. मग रडत रडत तेच पुन्हा.

तरुण वरमला. "काय म्हणतेय ती?"

दत्तारामने गजांतून हात घालून त्याची कॉलर धरली.

"तू सांग! कालपर्यंत मला कळत होतं."