पापण्यांतले पाहुणे

मार्लूसने बाळ पुढे केलं आणि तिची आई, आल्टिना, चटकन मागे सरकली. "अगं, हातात ट्रे आहे माझ्या." ट्रेमध्ये कॉफी होती आणि लोणी लावलेल्या टोस्टवर गुलाबी-पांढरी बडीशेप. मुलगी झाल्याचं गोड.

"खाली ठेव मग ट्रे."

आल्टिनाने तो ठेवला आणि लगेच फडकं उचलून खिडकीची कड पुसायला घेतली. कड स्वच्छच होती. या बाईच्या घरात जमिनीवर वाढलं तरी जेवावं, अशी तिची ख्याती.

बाळंतिणीच्या देखभालीला आठवडाभर घरी येणारी परिचारिका, वील्मा, पलीकडे दुपट्यांच्या घड्या घालत होती. मान खाली, कान इकडे.

"आज पाचवा दिवस, आई. तू तिला एकदाही घेतलं नाहीस." मार्लूस म्हणाली. "रडून रडून डोळे लाल केलेस. तुझं नाव ठेवलं नाही म्हणूनच ना? सरळ सांग की!"

पहिल्या नातीला आजीचं नाव, ही त्यांच्या घरातली चार पिढ्यांची रीत. बाळाचं नाव यूना होतं.

"नाव काय चाटायचंय? मला तरी कुठे आवडतं माझं नाव!"

"मग?"

आल्टिनाने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. लाजेने बिचारीचा जीव अर्धा झाला होता. "माझ्या पापण्यांत किडे आहेत," ती पुटपुटली. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितले."

डॉक्टर पुढेही बरंच बोलले होते. तिने ऐकलंच नव्हतं. घरी येऊन तिने फरशीच्या साबणाने पापण्या घासल्या आणि तेव्हापासून रोज तीनदा घासत होती, हेही तिने आता सांगून टाकलं. रडायला डोळ्यांत ओल तरी कुठे उरली होती!

वील्मा उठली. हनुवटी धरून तिने आल्टिनाचा चेहरा उजेडाकडे वळवला. "अहो आजीबाई, हे किड्यांनी नाही, तुमच्या साबणाने केलंय! पापणीच्या कडेला तेलाची बारीक छिद्रं असतात. ती बुजली, वर तुम्ही उरलंसुरलं तेल धुऊन काढलंत. डोळा कोरडा पडेल नाही तर काय? कोमट फडक्याने शेका आणि डॉक्टरांना पुन्हा विचारून ते सांगतील तेवढंच करा."

"पण किडे?"

"साठी उलटली की बहुतेक सगळ्यांनाच असतात. दिसत नाहीत इतकंच. बाळाला त्यांचं काही होत नाही."

"म्हणजे माझ्या आईलासुद्धा होते?"

"असणारच."

आल्टिना बघतच राहिली. पाहुणा गेला की दाराची कडीसुद्धा धुणारी तिची आई! तिला एकदम हसू फुटलं, आणि हसताना कोरडे डोळे चांगलेच चुरचुरले.

"एक्याण्णव वर्षांची होऊन गेली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत मी दारात दिसले की आधी गालाला गाल लावायची."

तिने फडकं खिडकीत टाकलं आणि बाळासाठी दोन्ही हात पुढे केले.