कुमुदची जाडजूड कादंबरी

दिगंबर कारेकरांना नव्या वाचनयंत्राचा पहिल्याच दिवशी वीट आला. आधी ते मनगटावरच्या आरोग्यपट्ट्याला जोडा, मग चष्म्याचा नंबर सांगा. एवढे सोपस्कार होईतो माणसानं अर्धं पुस्तक वाचून काढलं असतं! तरी त्यांचं यंत्र सांगितलेलं ऐकत होतं. त्यांच्या बायकोचं, कुमुदचं, मात्र हट्टालाच पेटलेलं. ती आपली आवडती तीन खंडांची कादंबरी मागायची आणि ते अदबीनं एखादा छोटा कथासंग्रह पुढे करायचं.

"राहू दे हो, गोष्टी वाचते," कुमुद म्हणाली.

"का म्हणून? माझ्याकडे हीच कादंबरी उघडते!"

कारेकरांनी तावातावानं कंपनीला फोन लावला.

"सर, वाचून पूर्ण होतील अशीच पुस्तकं यंत्र देतं," पलीकडची मुलगी म्हणाली. "अर्धवट राहिलेल्या पुस्तकांच्या फार तक्रारी यायच्या."

"अहो बाई, ती माझ्या दुप्पट वेगानं वाचते!"

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "प्रश्न वेगाचा नाहीये, सर. त्यांचा पट्टा... तुम्ही त्यांना लवकर डॉक्टरांकडे घेऊन जा."

कारेकरांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" कुमुदनं विचारलं.

"डोकं नाहीये त्या लोकांना!" ते खेकसले. मग त्यांनी खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ घेतली आणि आपल्या यंत्रावर कादंबरीचा पहिला खंड उघडला.

"मी वाचतो, तू ऐक. आणि आत्ताच सांगून ठेवतो, मध्येच उठून जायचं नाही."