चुकल्याचा केक

सिल्येने ब्रुन्सविगर केकचा ट्रे टेबलावर ठेवला, पण सुरी हातातच धरली. नियमच तसा होता. ज्याच्या हातून काम बिघडलं त्याने केक आणायचा, काय बिघडलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं आणि मगच कापायचा. डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या त्या ऑफिसात एकटा एबे सोडला तर या नियमातून कोणीच सुटलं नव्हतं. इतक्या वर्षांत एबेवर केक आणायची वेळ आली नव्हती, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरूही देत नसे.

"उशीर केलास गं!" तोर्किल ओरडला. "तिसरा महिना संपत आला तुझा. मी तर पहिल्याच आठवड्यात आणला होता."

सगळे हसले. मेरेटे हसली नाही. सिल्येला कायम करायचं की नाही, हे सोमवारी तीच ठरवणार होती.

सिल्ये बोलू लागली. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या फोनवर पेशंटची माहिती दाखवायची, हे या ऑफिसचं काम. माहिती येते हॉस्पिटलकडून. तिथून येणारा निरोप वाचणारा कोड कोणी हाताने लिहीत नाही; हॉस्पिटलने दिलेल्या वर्णनावरून तो यंत्रच तयार करतं. हॉस्पिटलने निरोपात एक रकाना वाढवला, म्हणून सिल्येने गेल्या आठवड्यात तो कोड यंत्राकडून नव्याने करून घेतला. अगदी शिकवल्याप्रमाणे.

"आणि सगळं छान चाललं," ती म्हणाली. "एक एरर नाही. फक्त ॲलर्जीचा रकाना आपल्याला दिसेनासा झाला. त्याचा नेमस्पेस जुळत नव्हता."

"आम्हा अडाण्यांना कळेल असं सांग की, बाई," हिशेब बघणारी गुद्रुन म्हणाली.

"आडनाव समज. रकान्याचं नाव ॲलर्जी, पण ती कुठल्या घरची, तेही निरोपात लिहिलेलं असतं. हॉस्पिटलने वर्णनात एक आडनाव दिलंय आणि प्रत्यक्षात पाठवतात दुसरंच. आपला कोड दारात उभा राहून आडनाव विचारतो. जुळलं नाही की पाहुण्याला बाहेरच ठेवतो, आणि आत येऊन सांगतो, कोणी आलंच नाही."

"मग नर्सला काय दिसलं?"

"ॲलर्जी: नाही."

आता कोणीच हसत नव्हतं. सिल्येने पुढचंही सांगून टाकलं. एका म्हाताऱ्याला नर्स पेनिसिलीनची गोळी देणार होती. स्वयंपाकघरातून त्याची बायको धावत आली, ह्यांना ती चालत नाही म्हणाली, म्हणून वाचला. नर्सने लगेच ऑफिसला फोन केला. तिच्या त्याच फेरीत पुढच्या घरी एक बाई होती, तिलाही पेनिसिलीन चालत नाही. ती एकटी राहते.

एबे कॉफीच्या कपात बघत बसला होता. आडनाव जुळत नाही, हे त्याला फार पूर्वीच कळलं होतं. हॉस्पिटलला कळवा, वर्णन बदलून घ्या, बैठकांना बसा, एवढं कोण करणार? त्याने यंत्राने केलेल्या फाइलमध्येच दोन-तीन ओळी गुपचूप हाताने बदलल्या होत्या. अशा फाइलच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं, हात लावू नका, फाइल पुन्हा तयार झाली की तुमचे बदल पुसले जातील. सिल्ये कामावर आली त्या दिवशी ती सूचना बोट ठेवून तिला वाचायला लावणारा एबेच होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"पण मग इतके दिवस कसं चालत होतं?" तोर्किलने विचारलं.

एबेने कप खाली ठेवला.

"जुन्या फाइलमध्ये हाताने दुरुस्ती केलेली होती," सिल्ये म्हणाली. "नवी करण्याआधी मी जुनी उघडून बघायला हवी होती. नाही बघितली. चूक माझी."

"पण दुरुस्ती कोणाची?"

सिल्येने केकमध्ये सुरी घातली. "तुला कडेचा हवा की मधला?"

बदल करणाऱ्याचं नाव बदलासोबत आपोआप राहतं. काल सगळं पूर्ववत करताना तिने ते वाचलं असणारच. तरी ती मान खाली घालून तुकडे करत होती. एबेला आधी हायसं वाटलं. मग तसं वाटल्याचीच लाज वाटली. कालच्या पोरीच्या आडोशाला आपण लपून बसलोय, आणि बाहेर तिला उभं केलंय.

"सोमवारी आपण यावर सविस्तर बोलू," मेरेटे सिल्येला म्हणाली. आवाज अगदी शांत होता. एबेने तो आवाज पूर्वीही ऐकला होता. त्यानंतर दरवेळी कोणाचं तरी टेबल रिकामं झालं होतं.

सिल्येने पहिली बशी एबेपुढे सरकवली. "घे ना. गरम आहे अजून."

एबेने बशी तशीच बाजूला ठेवली. तो उठला, खुंटीवरचं जाकीट काढून त्याने अंगात घातलं.

"अरे, निघालास कुठे?" तोर्किल म्हणाला. "केक तरी खा!"

"बेकरीत," एबे म्हणाला. "मी परत येईपर्यंत कोणी उठू नका."