परशुरामाचा नातू

"मॅडम, हे पुस्तक लिहिणाऱ्याने गाव कधी बघितलेलंच नाही," विकीने कादंबरी बाकावर आपटली. "कोणीतरी उपटतो, मी तुमच्यातल्याच अमक्याचा मुलगा म्हणतो, आणि अख्खं गाव त्याला पोटाशी धरतं. आमच्या नांदगावात असा माणूस स्टेशनवरून रिक्षास्टँडपर्यंत पोचायचा नाही."

वर्ग खिदळला. अनिश म्हणाला, "आधार कार्ड मागितलं असतं तर दुसऱ्याच पानावर संपली असती." कौस्तुभला नायकाचाच राग आला होता. पुस्तकभर 'मी कोण, मी कोण' करत हिंडतो, ह्याच्या घरी कामं नव्हती काय? संचिताने तर पुस्तक उघडलंच नव्हतं, त्यामुळे तिचं मत सगळ्यांत ठाम होतं. भंगार.

नम्रता मॅडमनी चष्मा पुसला. मालवणच्या त्या कॉलेजात मराठी शिकवून शिकवून त्यांना कशाचंच वाईट वाटेनासं झालं होतं. "मग करून बघ," त्या विकीला म्हणाल्या. "एका अनोळखी घरी जा. पकडला गेलास तर कादंबरी टाकाऊ, असं मी स्वतः फळ्यावर लिहीन. नाही पकडला गेलास, तर तू वर्गापुढे हिच्यावर बोलायचंस. चांगलं."

'चांगलं' हा शब्द विकीला झोंबला. आजवर कुठल्याच पुस्तकाबद्दल चांगलं बोलून त्याने आपली अब्रू घालवलेली नव्हती.

घर संचिताने निवडलं. आपल्याच वाडीतलं, मसुऱ्यातलं. "शेवंतीकाकीकडे जा. ती देवाकय विचारतली, तू कोणाचो म्हणान. तुका पाणीसुद्धा देवची नाय."

दिवस जत्रेचा होता. जत्रेत मसुऱ्यातल्या घराची पत दारातल्या चपलांवरून ठरते. संचिताच्या दारात मुंबईच्या पाहुण्यांच्या चपलांचा खच पडला होता. शेजारी शेवंतीकाकीच्या दारात एकच जोड होता, तिचाच. संचिता कुंपणाआड उभी राहिली, साक्षीला.

"मी मुंबईहून आलो," विकी म्हणाला. नाव त्याने एसटीत बसून जुळवलं होतं. "ह्या घरातले परशुराम मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत ना? त्यांचा नातू मी."

शेवंतीकाकीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. विकी मनातल्या मनात फळ्यावरचं मॅडमचं अक्षर वाचू लागला.

"परशुरामाचो?"

"हो."

"शिरा पडो तुझ्या तोंडार! इतक्या वर्सांनी वाट गावली?" आणि ती कुंपणाकडे वळून ओरडली, "विमला! गो विमला! हय ये. आमच्याकडेय मुंबैकार इलो!"

संचिताची आई हात पुसत आली. "परशुराम? ह्यो कोण गो? कधी नाव आयकूक नाय."

"तू लगीन करून इलंस कधी, आणि तुका म्हायत कसा आसतला? माझो दीर तो. रागान गेलो तो गेलो."

विमला विकीकडे वळली. "आजो काय करायचो रे तुझो?"

विकीने तोंड उघडलं, पण उत्तर शेवंतीकाकीने दिलं. "गिरणीत होतो. आणि काय करतलो?" पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच झालं. आजा कुठे राहायचा, कोणाशी लग्न केलं, पत्र का धाडलं नाही, सगळं म्हातारीच सांगत गेली. विकी नुसता मान हलवत राहिला. तिला खोटं पाडील असं जुनं माणूस वाडीत कोणी उरलं नव्हतं. शेवटी विमलाने दारातल्या त्याच्या बुटांकडे एकदा बघितलं आणि ती निघून गेली.

म्हातारी पुरती फसली, विकीला वाटलं. आता चांगलं बोलावं लागणार. पानावर वडे आले, काळ्या वाटाण्यांचं सांबारं आलं. एकटीच्या मानाने टोप फार मोठा होता. तो बघून विकीने हातातला वडा पानात ठेवला.

"काकी, मी खरं म्हणजे..."

"जेव आधी." तिने आणखी एक वडा वाढला आणि आवाज खाली आणला. "माझ्या घोवाक भाव नाय होतो. एकटोच झील तो."

नवऱ्याला भाऊच नव्हता, तर हा दीर आला कुठून, विकीला कळेना. "मगे?"

"मगे काय? वडे थंड होतत."

बाहेर संचिता हसून हसून वाकली होती. "कशी फसली रे म्हातारी! पावणे जावंदेत, आयेक सांगतंय. पोट धरून हसतली ती. सगळी वाडी हसतली."

सोमवारी वर्गात नम्रता मॅडम खडू घेऊन फळ्याशी उभ्या होत्या. "काय रे, पकडला गेलास?"

पहिल्याच शब्दाला पकडला गेलो होतो, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की तो जिंकला, आणि काकीचं खोटं वाडीभर झालं. संचिता पहिल्या बाकावर बसून आताच तोंडावर हात धरून हसत होती.

"नाही, मॅडम," विकी उठून उभा राहिला. "पकडायला खोटं काही नव्हतंच. घरी आईला विचारलं. तिचे वडील मसुऱ्याचेच. तिथून मुंबईला गेलेले. परशुराम. शेवंतीकाकी माझी आजी लागते."

संचिताचं हसू विझलं. "खोटारड्या! नाव तूच जुळवलंस!"

"आईच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं असणार. तेच जिभेवर आलं."

"काय पण फेकतोस!" मागून अनिश ओरडला. वर्ग हसला. विकी हसला नाही. मॅडमनी हातातला खडू हळूच खाली ठेवला.

"मगे सांग," संचिता उठलीच, "काय सांगायचो तुझो आजो आमच्या गावाबद्दल?"

विकी तिच्याकडे वळला.

"कायच सांगायचो नाय," तो म्हणाला. "जत्रेच्या दिवशी फक्त जेवायचो नाय. म्हणायचो, वैनी दारात उभी आसतली."