लोणच्याच्या बरणीचा कागद

सिंगापुरातल्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये उल्काचा नियमच होता: प्रबोधने मराठी बातमी मोठ्याने वाचल्याशिवाय त्याचं ताट वाढायचं नाही. साताऱ्याहून आलेल्या धैर्यशीलदादाने लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. तोच कागद तिने हौसेने सरळ करून पोराला दिला. “अरे, आजोबांचा फोटो!” तो अडखळत वाचू लागला, “‘अल्पशा आजाराने निधन. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे. प्रसिद्ध फर्निचर व्यावसायिक धैर्यशील यांचे ते वडील होत.’ आई, तू कुठेयस? यू नॉट इनसाइड, लाह!” उल्काचं डोकं सणकलं. नोकरी सोडून ती साताऱ्याला चार महिने वडिलांच्या, अण्णांच्या उशाशी बसली होती. “अगं, जागा पुरली नाही,” दादा बोटं चाटत म्हणाला. “फर्निचरला बरी पुरली!” तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी आपटली. “प्रबोध, पुन्हा पहिल्यापासून वाच. मामाचं जेवण होईपर्यंत वाचत राहा.”