नवी पिशवी

"पाणी उकळलं का गं?" शालूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"उकळतं घालायचं नसतं आत्याबाई. किती येळा सांगू?"

रेणुकाने पातेलं खाली उतरवलं. जरा निवू दिलं. मग रबरी पिशवी दोन हिस्से भरली, एक हिस्सा रिकामा ठेवला, दाबून आतली हवा काढली आणि बूच घट्ट पिळलं. वर टॉवेल गुंडाळून पिशवी सासूच्या गुडघ्यावर ठेवली. भाजे गावात थंडी पडली की शालूबाईंचे गुडघे धरत. मग सकाळ-संध्याकाळ हेच काम, आणि ते थोरल्या सुनेचंच.

पिशवीच्या गळ्याला चिरा पडल्या होत्या. लोणावळ्यातल्या औषधांच्या दुकानदाराने रेणुकाला एकदा खूण दाखवली होती. गळ्यापाशी रबरात फूल उमटवलेलं असतं, फुलात सालाचा आकडा. दोन-तीन वर्षं झाली की पिशवी बदलायची, चिरा दिसल्या तर त्याआधीच. शालूबाईंच्या पिशवीवरच्या फुलात सतरा होता, म्हणजे मुदत कधीच उलटलेली.

"ही फुटली तर मांडी भाजंल तुमची. नवी आणते."

"तुला मेलीला समदं नवं पायजे. चालतीय की अजून!"

धाकटी जाऊ सारिका हेच बोलली असती, तर म्हातारीने मान डोलावली असती. सारिका देहूरोडला राहायची. नवरा आदिनाथ डेपोत कामाला. महिन्यातून एकदा यायची, सासूच्या पायाला तेल लावायची आणि चार माणसांत नाव कमावून जायची. रेणुकाला दुसरी मुलगी झाली तेव्हा शालूबाईंनी आठ दिवस तोंड फिरवलं होतं. सारिकाला मूलच नव्हतं, तरी तिला कधी अवाक्षर नाही. पहिल्या वाफ्यातली मेथी तिला, घरचा इंद्रायणी तांदूळ तिला. पोटात दुखायचंच की हो! रेणुका काही देवता नव्हती.

त्या गुरुवारी ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. आत शालूबाई फोनवर बोलत होत्या. सारिकाचा फोन. आवाज बारीक केला होता, म्हणून रेणुकाने कान टवकारले.

"पिशवी लय खराब झालीय म्हणतोय?" शालूबाई म्हणत होत्या. "मग काढून टाक बाई. जिवाशी खेळ नगं... न्हाई न्हाई, खर्चाचं मी बगते. तू घाबरू नगंस... रेणुकाला न्हाई सांगत. तुला वाटंल तवा तूच सांग."

रेणुकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या पिशवीला चिरा पडल्या, तर जिवाशी खेळ! आणि आपण रोज फुटकी पिशवी हाताळतो, ते? वर लपवाछपवी. थोरली मागून बसेल, अशी भीती वाटली असणार म्हातारीला.

तिने नवऱ्याला सांगितलं. प्रदीप हसला. "रबराच्या पिशवीवरनं भांडतीस व्हय गं?"

"पिशवीचं न्हाई वो. या घरात माझा जीव कुणी मोजतंय का, ते सांगा."

प्रदीपने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या सोमवारी शालूबाई देहूरोडला निघाल्या. सारिकाला टायफॉइड झाला म्हणे. मळवली स्टेशनचा जिना चढताना एरवी 'अगं आई गं' करणारी बाई प्रदीपचा हात धरून तरातरा गेली. पंधरा दिवस राहिली. पंधरा दिवसांत रेणुकाला फोन दोनदा, तोही कोंबड्यांची चौकशी करायला. "बोलावणंबी न्हाई मला," रेणुका शेजारणीला म्हणाली. "लाडक्या सुनेची शेवा चाललीय."

महिन्याने एका रविवारी सारिका-आदिनाथ घरी आले. सारिका रिक्षातून हळूच उतरली. तोंड वाळलं होतं. आदिनाथने तिला आधार दिला. शालूबाईंनी तिला थेट आपल्या पलंगावर बसवलं, पाठीला उशी दिली आणि रेणुकाला हाक मारली, "तिला दूध आण. साईचं आण."

साईचं! रेणुकाला बाळंतपणात साय कधी दिसली नव्हती. तिने दूध आणलं, पण पेला ठेवला तो जरा जोरातच.

"ताई, तुमच्यावर कामाचा भार पडला माझ्यामुळं," सारिका म्हणाली.

किती गोड बोलते! रेणुकाचा बांध फुटला. महिनाभर जिभेवर घोळवलेलं वाक्य बाहेर पडलं, आणि ते आदिनाथ आणि प्रदीपसमोर, मोठ्या आवाजात.

"भाराचं काय गं! तुझी जुनी पिशवी खराब झाली, ती टाकलीस काढून. बरं केलंस. आमाला न्हाई सांगितलंस, तरी कळलं. आता नवी कशी हाय, ती दाव की! का तीबी थोरलीपासनं लपवायची?"

शालूबाईंनी कपाळावर हात मारला. आदिनाथ उठून बाहेर गेला.

रेणुकाला बरं वाटलं. एकदाचं बोलले. आता म्हातारीनेच उत्तर द्यावं.

उत्तर सारिकाने दिलं. ती रडली नाही. पदर पोटाशी घट्ट धरून तिने जावेकडे पाहिलं.

"ताई, बाईची पिशवी एकदा काढली की नवी मिळत नाही. तुम्ही तर दोन लेकरांच्या आई आहात, तुम्हाला तरी हे कळायला हवं होतं."